आडनाव नसलेला नायक

जुने हिंदी गुन्हेपट पाहण्याचा मला नाद आहे. 'बाजी', 'जाल', 'आरपार', 'टॅक्सी ड्रायव्हर', 'सीआयडी', 'हावडा ब्रिज'... कृष्णधवल पडदा, रात्रीचे ओले रस्ते, धुरानं भरलेला क्लब आणि के. एन. सिंग यांची ती एक भुवई. खुनी कोण हे केव्हाच पाठ झालंय, तरी पाहतो. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली की लक्ष कथेवरून घसरतं आणि भलत्याच ठिकाणी जाऊन बसतं. माझं जाऊन बसलं ते पात्रांच्या नावांवर.

तुम्हीही एकदा करून पाहा. 'बाजी' (१९५१) मधला देव आनंद म्हणजे मदन. मदन कोण? कुठला? ते काही नाही, नुसता मदन. 'टॅक्सी ड्रायव्हर' (१९५४) मध्ये तो मंगल. 'सीआयडी' (१९५६) मध्ये तर तो पोलीस इन्स्पेक्टर आहे आणि तरीही नुसता शेखर! आपल्याकडे खात्यात शिरल्याबरोबर माणसाचं पाळण्यातलं नाव हरवतं आणि आडनाव तेवढं उरतं. इथे उलटंच. या नायकाला गाव नाही, जात नाही, बोलण्यात कुठल्या मुलखाची लकब नाही. तो सगळ्यांचा आहे, कारण तो कुणाचाच नाही.

आता त्याच चित्रपटांत नायकाच्या आजूबाजूला बघा. 'टॅक्सी ड्रायव्हर' मधली क्लबात नाचणारी सिल्वी. 'हावडा ब्रिज' (१९५८) मधली मधुबाला म्हणजे एडना आणि खलनायक मदन पुरी म्हणजे जॉन चँग. नाव ऐकलं की माणूस कुठल्या आळीतला ते लगेच कळलं पाहिजे अशी सोय.

आणि 'जाल' (१९५२)! गुरुदत्तचाच चित्रपट, 'बाजी' नंतर वर्षभरात आलेला, नायक पुन्हा देव आनंद. पण 'बाजी' मधला मदन गरिबीमुळे आणि आजारी बहिणीमुळे जुगाराच्या वाटेला गेलेला, मनानं सरळ. 'जाल' मधला देव आनंद मात्र खराखुरा तस्कर, मुलीला फसवणारा, निर्ढावलेला. आणि आता त्याचं नाव आहे टोनी. मासेमारांचं ख्रिस्ती गाव, गोव्याचा किनारा. त्या काळी गोवा पोर्तुगिजांकडे होता आणि सोन्याची तस्करी खरोखरच चालायची, त्यामुळे कथेला तो किनारा शोभतो हे खरं. शिवाय त्याच गावातली गीता बालीची मारिया इतकी निर्मळ आहे की सगळ्या चित्रपटाचं पाप ती एकटी धुऊन काढते. म्हणजे गुरुदत्तच्या मनात कुणाबद्दल आकस होता असं मुळीच नाही. पण नायक मनानं चांगला असला तर मदन आणि वाईट असला तर टोनी, ही वाटणी एकदा दिसली की डोळ्यांपुढून हलत नाही.

अमेरिकेत या विषयावर खूप लिहिलं गेलं आहे. त्यांच्या १९४०-५० च्या गुन्हेपटांत काळा माणूस दिसायचा तो हमाल, मोटारी धुणारा, नाहीतर क्लबातला वाजंत्री म्हणून. १९३४ पासून काटेकोरपणे लागू झालेल्या हेज संहितेनुसार गोऱ्या-काळ्यांचं प्रेम दाखवायलाच बंदी होती. चिनी गुप्तहेर चार्ली चॅन झाला वॉर्नर ओलंड, मूळचा स्वीडनचा. 'टच ऑफ ईव्हिल' (१९५८) मध्ये मेक्सिकन अधिकारी झाला चार्ल्टन हेस्टन, चेहऱ्याला तपकिरी रंग फासून. काळा गुप्तहेर केंद्रस्थानी ठेवलेल्या चित्रपटाला, म्हणजे सिडनी पॉटियेच्या 'इन द हीट ऑफ द नाईट'ला, ऑस्कर मिळायला १९६८ साल उजाडावं लागलं. हे सगळं वाचताना आपण मान डोलावतो, अरेरे म्हणतो. पण आपला मदन पुरी जॉन चँग होतो तेव्हा आपल्याला त्यात काहीच वावगं वाटत नाही. 'हावडा ब्रिज' नंतर चारच वर्षांनी चीनशी युद्ध झालं आणि सुमारे ३,००० भारतीय चिनी लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं गेलं. चित्रपटामुळे ते झालं असं कुणी म्हणणार नाही. पण त्या लोकांबद्दल बाकीच्या देशाला काय ठाऊक होतं? जॉन चँग आणि हेलनचं एक गाणं, एवढंच.

असो. आपण मुंबईकडे वळू.

क्लबातली बाई ख्रिस्ती किंवा अँग्लो-इंडियनच का? याचं उत्तर मला तरी सोयीत दिसतं. १९४९ साली मुंबईत दारूबंदीचा कायदा झाला. दारू हा गुन्हा ठरला आणि गुन्हा म्हटला की पडद्यावर गुत्ता आला, क्लब आला. तिथे फ्रॉक घालून, सिगारेट ओढत, परपुरुषाच्या गळ्यात हात टाकणारी बाई हवी. नायिकेनं ते करायचं नाही. घरंदाज मुलीनं ते करायचं नाही. मग करायचं कुणी? जिच्या बाजूनं प्रेक्षागृहात ओरडणारं कुणी नाही अशा बाईनं. आणि शेवटच्या रिळात ती नायकासाठी गोळी खाऊन मरून गेली की सगळ्यांचीच सुटका. 'बाजी' मधली लीना तशीच मरते.

या भूमिका करणाऱ्या बायकांची हकीकत तर आणखी मजेची. सिल्वी झालेली शीला रामाणी सिंधी, जन्म कराचीचा. फाळणीनंतर तिच्यासारखी हजारो सिंधी माणसं घरदार टाकून आमच्या या कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन पडली आणि त्या छावणीचं १९४९ साली उल्हासनगर झालं. पडद्यावर मात्र शीला रामाणी सिंधी नव्हती, सिल्वी होती. (पुढे १९५८ साली 'अबाना' या सिंधी चित्रपटात तिला स्वतःच्या भाषेत बोलता आलं.) 'श्री ४२०' (१९५५) मधली भुरळ पाडणारी माया म्हणजे नादिरा, बगदादी ज्यू. हेलन लहानपणी युद्धाच्या धामधुमीत ब्रह्मदेशातून पायी चालत भारतात आलेली. घर सुटलेल्या, आडनाव हरवलेल्या मुली, आणि त्यांना काम काय, तर दुसऱ्या एका लहानशा समाजाला बदनाम करणारी पात्रं रंगवायची. त्यांनी ती जीव ओतून रंगवली हा त्यांचा मोठेपणा.

बरं, खरे अँग्लो-इंडियन तेव्हा कुठे होते? ते कल्याणात होते! कल्याण जंक्शनच्या रेल्वे वसाहतीत. इंजिन ड्रायव्हर, गार्ड, इस्पितळात नर्स, शाळेत शिक्षिका. आमच्या ओळखीच्या एक वयस्क बाई त्या वसाहतीत वाढलेल्या. त्या एकदा म्हणाल्या होत्या, "माझ्या वडिलांनी जन्मभर मालगाडी चालवली. घाटात रात्र रात्र जागायचे. सिनेमात मात्र आमची माणसं कधी ड्युटीवर दिसलीच नाहीत, कायम बारमध्येच!"

त्यांचं हे वाक्य ऐकल्यावर मी राज्यघटना काढून बघितली. कलम ३३६. रेल्वे, कस्टम्स, टपाल आणि तार खात्यांत अँग्लो-इंडियनांना जी राखीव भरती होती ती राज्यघटना लागू झाल्यानंतर दर दोन वर्षांनी दहा टक्क्यांनी कमी करत दहा वर्षांत पूर्ण संपवायची, अशी ती तरतूद. म्हणजे १९५० ते १९६०. आता तारखा जुळवून बघा. 'बाजी' १९५१, 'टॅक्सी ड्रायव्हर' १९५४, 'हावडा ब्रिज' १९५८. ज्या दहा वर्षांत या समाजाच्या पायाखालची नोकरी दर दोन वर्षांनी थोडी थोडी सरकत होती, घरंच्या घरं इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची वाट धरत होती, नेमकी त्याच दहा वर्षांत पडद्यावर सिल्वी आणि एडना नाचत होत्या. एका बाजूला खरी माणसं निघून चालली होती आणि दुसऱ्या बाजूला त्यांची खोटी चित्रं घट्ट होत होती. लोकसभेत या समाजाच्या दोन नियुक्त जागा होत्या, त्याही जानेवारी २०२० मध्ये संपल्या. आता 'प्रतिनिधित्व' या शब्दाच्या दोन्ही अर्थांनी त्यांच्यासाठी उरलं ते मुख्यतः जुन्या चित्रपटांत.

ठाण्याची गोष्ट आणखी निराळी. मासुंदा तलावाच्या काठी पोर्तुगीज काळापासून चर्च आहे. ठाणे, साष्टी, वसई या पट्ट्यातले मूळचे ख्रिस्ती म्हणजे ईस्ट इंडियन. त्यांच्या घरची भाषा मराठी, थोड्या वेगळ्या वळणाची, पण मराठीच. त्यांच्या जुन्या बायका लुगडं नेसत, लग्नातली गाणी मराठीत म्हणत. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पण हिंदी चित्रपटातला ख्रिस्ती माणूस मात्र शतकभर जणू कालच बोटीतून उतरल्यासारखा 'हम तुमको बोला, मॅन' असंच बोलत आला. ठाण्याहून दादरला जायला लोकलनं तासभरही लागत नाही. तेवढ्या अंतरावरचा शेजारी मराठी बोलतो हे दादर-अंधेरीच्या स्टुडिओंना कळलं नाही, की कळूनही उपयोगाचं वाटलं नाही?

ठाण्यात आणखी एक जुना समाज, बेने इस्रायली. त्यांचं 'शआर हाशमायीम' हे सिनेगॉग १८७९ चं. अभिनेते डेव्हिड याच समाजातले, पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चौलचं आडनाव, घरी मराठी. 'बूट पॉलिश' (१९५४) मध्ये त्यांनी जॉन चाचा केला, चोरून दारू विकणारा पण मुलांवर जीव लावणारा. फिल्मफेअर मिळालं. 'अनाडी' (१९५९) मध्ये ललिता पवार मिसेस डिसा झाल्या, त्यांनाही फिल्मफेअर. मराठी ज्यू माणूस जॉन होतो, मराठी बाई डिसा होते आणि दोघांचं काम मनात घर करून राहतं. चेऊलकर मात्र पडद्यावर कुणीच झालं नाही.

या क्लबांतल्या दृश्यात मागे वाजवणारा ताफा असतो ना, ते लोक मात्र पुष्कळदा खरे असायचे. गोव्याहून आलेले संगीतकार धोबीतलावाच्या कुडांमध्ये राहत, रात्री हॉटेलांत वाजवत आणि दिवसा रेकॉर्डिंगला येत. सेबॅस्टियन डिसोझांनी ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशनसाठी वाद्यमेळ रचला. चिक चॉकलेट तर 'अलबेला' (१९५१) मध्ये आपल्या ताफ्यासह पडद्यावर दिसतो. ज्यांच्या स्वरलेखनावर ही गाणी उभी राहिली त्यांची नावं श्रेयनामावलीत शोधून पाहा, फारशी सापडणार नाहीत. तस्कराचं नाव टोनी ठेवायला सुचलं, पण व्हायोलिनवाल्याचं नाव लिहायला जागा नव्हती.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या चित्रपटांतला खरा मुख्य गुन्हेगार बहुधा या मंडळींपैकी नसायचा. 'बाजी' मध्ये तो नायिकेचा प्रतिष्ठित बाप निघतो, 'सीआयडी' मध्ये शेठ धरमदास. त्या पिढीच्या लेखकांना पैसेवाल्यांचा राग होता आणि तो खरा होता. नायकाला आडनाव न देण्यामागेही नव्या देशाचं एक स्वप्न होतंच. खुद्द गुरुदत्तनं आपलं पडुकोण हे आडनाव गाळलं होतं आणि लोक त्याला बंगाली समजत. युसूफ खान दिलीपकुमार झाले होते. अब्रार अल्वींनी 'आरपार' (१९५४) मध्ये प्रत्येक पात्राला त्याच्या त्याच्या मुलखाची बोली दिली तेव्हा ते नवलच होतं. जातपात विसरलेल्या माणसाचं हे स्वप्न चांगलंच होतं. फक्त ते नायकापुरतं होतं. बाकीच्यांना आपापली पाटी गळ्यात घालूनच पडद्यावर यावं लागे.

आणि आपण मराठी माणसं? आपण होतो की! आपण हवालदार होतो. निळी डगली, पिवळी टोपी, हातात दंडुका. इन्स्पेक्टर शेखर गाडीतून उतरला की सलाम ठोकायचा आणि गुन्हेगार पळून गेल्यावर शिट्टी वाजवायची. नाहीतर 'श्री ४२०' मधल्या ललिता पवारांसारखी केळी विकायची. ज्या शहरात ही कथा घडते त्या शहराची भाषा बोलणारा माणूस त्या कथेत इतका कडेला की त्याला नाव असलं काय आणि नसलं काय. मुंबईच्या बोलीत हवालदाराला 'पांडू' म्हणतात ते उगाच नाही. दादा कोंडक्यांनी १९७५ साली त्या पांडूला चित्रपटाचा नायक केला तो मराठीत. हिंदीत ते सुचायला आणखी काही वर्षं जावी लागली.

गंमत म्हणजे खऱ्या गुन्हेगारी जगात या काळात निराळीच नावं होती. करीम लाला पठाण, हाजी मस्तान आणि वरदराजन तमिळ. कल्याण मटक्यामुळे आमच्या गावाचं नाव देशभर झालं, पण त्यातलं कल्याण हे गाव नव्हेच, मटका चालवणारे कल्याणजी भगत! (बाहेरगावच्या पाहुण्यांना हे समजावून सांगता सांगता कल्याणकर थकले.) मराठी तरुण पुढे आले ते नंतर. ११ जानेवारी १९८२ ला वडाळ्यात मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळीबारात मेला. मुंबई पोलिसांचं पहिलं एन्काउंटर म्हणून ते ओळखलं जातं. त्यानंतर बरोबर सात दिवसांनी, १८ जानेवारीला, गिरणी संप सुरू झाला. घरातली चूल विझलेल्या गिरणगावातली पोरं पुढे टोळ्यांना सहज मिळत गेली.

मग हिंदी पडद्यावर मराठी आडनावं आली आणि एकदम मध्यभागी आली. 'अर्धसत्य' (१९८३) मध्ये अनंत वेलणकर. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा, तेंडुलकरांची पटकथा. या वेलणकरला गाव आहे, पोलिसातच असलेला बाप आहे आणि त्या बापाचा मार आहे. आडनाव मिळाल्याबरोबर त्याला भूतकाळही मिळाला. त्याच्या शेजारी माइक लोबो आहे, नोकरीतून निलंबित, दारूत बुडालेला. पण तो क्लबातला जॉन नाही, वेलणकरला आपलं उद्याचं रूप त्याच्यात दिसतं. वेलणकर झाले अंबाल्याचे ओम पुरी आणि रामा शेट्टी झाले नगरचे सदाशिव अमरापूरकर. दुसऱ्याचं आडनाव लावण्यात गैर काहीच नाही, फक्त त्या आडनावामागचा माणूस दिसला पाहिजे, हे इथे लख्ख कळतं.

पुढे 'तेजाब' (१९८८) मध्ये महेश देशमुख आला, 'वास्तव' (१९९९) मध्ये रघुनाथ नामदेव शिवलकर आला. 'अग्निपथ' (१९९०) चा विजय दीनानाथ मात्र मांडव्याचा असूनही चव्हाण नव्हे, चौहान. एवढं एक अक्षर उत्तरेकडे सरकवून घेतलंच. आणि मग आला 'सत्या' (१९९८).

'सत्या' मध्ये नायक सत्या. आडनाव नाही, गाव नाही, कुठून आला कुणाला माहीत नाही. पन्नास वर्षांनी मदनच परत आला म्हणा ना. त्याच्या शेजारी भिकू म्हात्रे, आणि सगळा चित्रपट भिकूच खाऊन टाकतो. मनोज बाजपेयीनं काम असं केलंय की माणूस हरखून जातो. मीही हरखलो.

पण म्हात्रे हे आडनाव आमच्या डोंबिवलीत काय आहे ते सांगायला हवं. आयरे, कोपर, पाथर्ली, कुठल्याही जुन्या गावठाणात फिरा, दर दोन-चार दारांआड म्हात्र्यांची पाटी. इतर समाजांतही हे आडनाव आहे. 'मंदिरपथगामिनी' घडवणारे शिल्पकार गणपतराव म्हात्रे सर्वांना ठाऊक असतील. पण ठाणे-रायगडात म्हात्रे म्हटलं की मुख्यतः आगरी. भातशेती, मिठागरं, खाडी. १९३० च्या दशकात अलिबागकडच्या चरी गावात खोतांविरुद्ध वर्षानुवर्षं शेती पडीक ठेवून संप केला तो याच समाजातल्या कुळांनी. पुढे एमआयडीसी आली, इमारती आल्या, जमिनी गेल्या आणि आमच्यासारखे नोकरदार या जमिनींवर उभ्या राहिलेल्या इमारतींत राहायला आले. यातलं काहीही हिंदी चित्रपटात आलं नाही. आलं ते फक्त आडनाव.

माझ्याबरोबर नोकरीत एक म्हात्रे होते. सरळमार्गी, हिशेबात पक्के, देवभोळे. दिल्लीला प्रशिक्षणाला गेले, ओळख करून देताना नाव सांगितलं, तर सगळा वर्ग हसला. "भिकू?" असं विचारत. पंधरा दिवस ते भिकूच राहिले. परत आल्यावर म्हणाले, "राग नाही आला. पण त्यांना अजून एखादा म्हात्रे माहीत असता तर बरं झालं असतं."

मला वाटतं सगळा प्रश्न या वाक्यात आहे. भिकू म्हात्रे असायलाच हवा. टोनीही हवा, एडनाही हवी. चांगल्या गुन्हेपटाला वाईट माणसं लागतात आणि ती कुठल्या तरी समाजातली असणारच. तक्रार एवढीच की काही समाजांना पडद्यावर एकच माणूस मिळतो आणि काहींना हजार. हजारांतला एक खुनी निघाला तर बिघडत नाही. एकुलता एक खुनी निघाला की दिल्लीच्या वर्गात हशा पिकतो.

आणि काहींना एकही मिळत नाही. ज्या चित्रपटांबद्दल इतका वेळ बोलतोय त्यांत दलित माणूस कुठे आहे? गुन्हेगार म्हणूनसुद्धा नाही. इथे मला आपला मराठी 'सामना' आठवतो, १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. डॉ. जब्बार पटेलांचा, तेंडुलकरांनीच लिहिलेला. वरवर राजकारणाचा, पण मुळात एका माणसाचं काय झालं याचा तपास करणारा गुन्हेपटच. नाहीशा झालेल्या माणसाचं नाव मारुती कांबळे. सैन्यातून आलेला. ते आडनाव ऐकल्यावर मराठी प्रेक्षकाला जे कळतं ते चित्रपटाला उलगडून सांगावं लागत नाही. दारुडा मास्तर तेच नाव पुन्हा पुन्हा घेत राहतो आणि हिंदुराव धोंडे पाटलांचा साखर कारखान्याएवढा डोलारा त्या दोन शब्दांनी हलायला लागतो. इतर चित्रपटांत आडनाव हा शिक्का होता. इथे ते एका माणसाचं नाव आहे, आणि तो माणूस गेला कुठे याचं उत्तर कुणीतरी दिलंच पाहिजे.

मला पडद्यावर सगळ्यांची जनगणना नको आहे, की प्रत्येक समाजाला एकेक सद्गुणी पात्र वाटून द्यायला नको आहे. मला एखादी तपास अधिकारी म्हात्रे बघायची आहे, जिच्या म्हात्रे असण्याचा कथेशी काहीच संबंध नाही. एखादा डिसोझा बघायचा आहे, जो रात्रपाळीला मालगाडी घेऊन घाट चढतोय आणि ज्याला खून दिसतो. आणि एखादा मदन, ज्याला त्याचा शेजारी सहज विचारतो, "तुमचं आडनाव काय हो?" आणि तो सांगतो.